मुदतीतले मस्टँग

१/७२ प्रमाणातील एका इंजिनाच्या लढाऊ विमानाचे प्लास्टिक मॉडेलचे किट बांधताना प्रत्यक्ष हातांना लागणारा वेळ एखाद्या जोडसुट्टीत मावेल इतकाच असतो. बाकीचा सगळा वेळ सांधा धरण्याची, पुटी (फटी भरायचा लगदा) कडक होण्याची आणि रंग वाळण्याची वाट पाहण्यात जातो. एरवी हे जाणवत नाही, कारण अर्धवट विमान फळीवर ठेवून आपण दुसऱ्या उद्योगाला लागतो आणि पंधरवड्याने पुन्हा त्याच्याकडे वळतो. मॉडेलांच्या प्रदर्शनाची तारीख ठरलेली असली की मात्र ही वाट पाहणे हेच मुख्य काम होऊन बसते. भरभर हात चालवून वाचणारा वेळ थोडा असतो आणि त्या थोड्या वेळापायी बिघडणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. म्हणून या खेपेला सुरीला हात लावण्याआधी मी कागद घेतला आणि प्रदर्शनाच्या सकाळपासून उलटे मोजत गेलो. मॅट वार्निश आदल्या रात्रीपर्यंत कडक व्हायला हवे, त्याच्या आदल्या दिवशी डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे) बसलेले हवेत, डिकल्सच्या आधी ग्लॉस (चकचकीत वार्निशचा थर) हवा, ग्लॉसच्या आधी रंग आतपर्यंत पक्का झालेला हवा. असे मोजत मागे आल्यावर बांधणीसाठी जेवढा वेळ उरला तेवढ्यात मावेल असेच किट घेणे भाग होते.

प्रदर्शन ६ जूनला होते आणि एक टेबल १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांची फौज फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली त्या नॉर्मंडीवरील उतरणीसाठी राखलेले होते, तेव्हा विमानाच्या अंगावर ओळखीचे काळे-पांढरे पट्टे असणार हे ठरलेलेच होते. ६ जून १९४४ रोजी असे पट्टे मिरवणारी विमाने भरपूर आहेत, पण मुदतीच्या चष्म्यातून पाहिले की यादी भराभर आखडते. पी-३८ लाइटनिंगला दोन इंजिने आणि दोन शेपटीदांडे, म्हणजे घासायचे सांधेही दुप्पट. शिवाय ते नाकाखालच्या चाकावर उभे राहणारे विमान असल्यामुळे शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन भरणे आले. स्पिटफायर किंवा टायफून घ्यावे तर वरच्या बाजूला राखाडी आणि हिरवा अशा दोन रंगांचे कॅमोफ्लाज, म्हणजे मास्किंगची (टेपने झाकून रंगवण्याची) एक पूर्ण फेरी जास्त. उघड्या धातूच्या रंगातील विमान छायाचित्रात सोपे दिसते, पण त्या चकचकीत थराखाली सँडपेपरचा एकेक ओरखडा बोलू लागतो, त्यामुळे वाचलेला वेळ पृष्ठभाग गुळगुळीत करण्यात दामदुपटीने परत द्यावा लागतो. १९४४ च्या सुरुवातीपासून अमेरिकी कारखान्यांतून विमाने रंगाविना बाहेर पडू लागली होती, तरी आधीची रंगवलेली पुष्कळ विमाने जूनमध्येही उडत होती. म्हणून मी वरून ऑलिव्ह ड्रॅब (मळकट हिरवा) आणि खालून न्यूट्रल ग्रे अशा साध्या वेषातील पी-५१बी मस्टँग निवडले. मागच्या चाकावर टेकणारे, लांबट नाकात इंजिन पूर्ण झाकलेले आणि १/७२ मध्ये पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १५७ मिलिमीटर भरणारे हे विमान माझ्या कागदावरच्या रकान्यांत नीट बसले.

मस्टँग निवडण्यात थोडी गंमतही होती, कारण हे विमान स्वतःच मुदतीचे अपत्य आहे. १९४० च्या मे महिन्यात ब्रिटिशांशी करार झाला आणि त्यानंतर १०२ दिवसांत नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनने एनए-७३एक्स या पहिल्या नमुन्याचा सांगाडा कारखान्याबाहेर आणला. मात्र त्या दिवशी त्यात इंजिन नव्हते, कारण अ‍ॅलिसनचे इंजिन अजून पोहोचलेले नव्हते, आणि खाली लावलेली चाके एटी-६ या प्रशिक्षण विमानाची उसनी आणलेली होती. पहिले उड्डाण व्हायला २६ ऑक्टोबर उजाडला. मुख्य रचनाकार एडगर श्म्यूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे आपल्या हातात होते ते वेळेत उभे केले आणि जे हातात नव्हते त्याच्यासाठी काम अडवून धरले नाही. प्लास्टिकच्या मस्टँगलाही हीच रीत लागू पडते. पंख्याची पाती, चाके, स्पिनर (पंख्याच्या मधला शंकू), चाकांच्या झडपा, एक्झॉस्टच्या नळ्या हे सगळे पहिल्याच संध्याकाळी स्प्रूवर (भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर) असतानाच रंगवून ठेवता येते, आणि धडाची एकेक पायरी वाळत असताना हे सुटे भाग एकेक करून पुरे होत जातात. सूचनापत्रिकेतील क्रमांकांप्रमाणे एक-दोन-तीन असे चालत जाणारा मॉडेलकार अशा वेळी हमखास अडतो, कारण तो क्रम जोडणीच्या सोयीचा असतो आणि त्यात वाळण्याचा हिशेब धरलेला नसतो.

कॉकपिटबद्दल माझे मत काहींना रुचणार नाही. पी-५१बीची कॅनपी (वैमानिकावरचे पारदर्शक छत) चौकटींची, अरुंद आणि पाठीच्या कण्यात बुडालेली असते. नंतरच्या पी-५१डीच्या बुडबुड्यासारखी ती सगळीकडून आत डोकावू देत नाही. ती बंद ठेवायची असे एकदा ठरवले की या प्रमाणात बाहेरून दिसते ते आसनाची पाठ, पट्ट्यांचा फिकट रंग आणि डॅशबोर्डचा काळा आकार एवढेच. मी आत इंटिरिअर ग्रीन मारला, आसनावर टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या, कडांवर फिकट रंगाचा कोरडा ब्रश फिरवला आणि धड मिटवले. फोटोएचचे, म्हणजे पातळ पत्र्यात रसायनाने कोरलेले, धातूचे सुटे भाग लावून तेच कॉकपिट करण्यात दोन संध्याकाळी सहज जातात आणि परीक्षकाने टॉर्च मारली तरी त्यातले निम्मे दिसत नाही. चाकांच्या खोबणीचेही तसेच. उभ्या मस्टँगचा हायड्रॉलिक दाब हळूहळू उतरतो आणि आतल्या बाजूच्या मोठ्या झडपा लोंबकळतात, म्हणून बहुतेक मॉडेलांत त्या उघड्या दाखवतात. नुकत्याच उतरलेल्या विमानाच्या झडपा मात्र वर मिटलेल्या असतात. त्या मिटलेल्या दाखवायच्या म्हणून मला कडा थोड्या घासाव्या लागल्या, पण खोबणीच्या आतले सगळे रंगकाम टळले.

आता सांध्यांकडे येतो, कारण मुदतीतले मॉडेल बहुतेक इथेच फसते. मॉडेल जोडण्याचे पातळ सिमेंट हा खरे तर गोंद नसून द्रावक असतो. तो फटीत आपसूक ओढला जातो, दोन्ही बाजूंचे पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि उडून जाताना त्यांचा एकजीव सांधा मागे सोडतो. दाबून धरल्यावर वर जो वितळलेल्या प्लास्टिकचा मणी फुगतो तो घासला की सांधा नाहीसा होतो. परंतु द्रावक आतून पूर्ण उडायला दिवस लागतात, आणि तो उडत असताना प्लास्टिक आकसत राहते. आज घासून आरशासारखी केलेली पाठ रंगाखाली चार दिवसांनी बारीक खाचेच्या रूपाने परत उमटते ती यामुळेच. ट्यूबमधल्या द्रावकयुक्त पुटीचाही तोच स्वभाव आहे. हातात वेळ असेल तर सांधा आठवडाभर तसाच ठेवावा हे उत्तम. पण तो नव्हता म्हणून मी धडाचा सांधा सिमेंटने अगदी बेताने धरला आणि वरची रेघ सुपरग्लूने (सायनोअ‍ॅक्रिलेटने) भरली. सायनोअ‍ॅक्रिलेटमध्ये उडून जाणारे असे फारसे काही नसते, त्यामुळे ते आकसत नाही आणि अ‍ॅक्सिलरेटरचा एक फवारा दिला की काही मिनिटांत घासता येते. त्याचा उलटा धोका असा की रात्रभर ठेवले तर ते आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होते आणि मग घासताना प्लास्टिक झिजून सुपरग्लूचा उंचवटा तसाच राहतो. म्हणून ते लावल्या संध्याकाळीच घासून मोकळे व्हावे. माझ्या किटमध्ये पंखाच्या मुळाशी नखभर फट होती. तिथे पातळ प्लास्टिक कार्डाचा तुकडा सरकवून त्यावर सुपरग्लू सोडला, कारण एवढी फट नुसत्या पुटीने भरली असती तर ती मॅट वार्निशच्या दिवशी पुन्हा तोंड वासून उभी राहिली असती.

पंखांच्या बाबतीत इतिहास आणि मुदत सुदैवाने एकाच बाजूला उभे राहिले. मस्टँगचा पंख लॅमिनार फ्लो पद्धतीच्या छेदाचा होता आणि त्यावरून हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागावरील पत्र्यांचे जोड आणि रिव्हेट पुटीने भरून, घासून, वर रंग दिला जाई. धड उघड्या धातूचे असले तरी पंख रंगवलेला असे तो याच कारणाने. किट बनवणारे मात्र पंखावरही धडाइतक्याच खोल रेघा कोरतात. मी जाडसर प्रायमर ब्रशने त्या रेघांत भरला, कॉकपिटचा रंग वाळत होता तेवढ्यात तो कडक झाला, आणि ओल्या सँडपेपरने पंख साफ केला. बंदुकांची आणि दारूगोळ्याची झाकणे तेवढी उघडी ठेवली, कारण ती खऱ्या विमानातही उघडावी लागत. वरवर पाहता हे वाढीव काम आहे, परंतु पंखावर रेघाच नसल्यामुळे पुढे वॉश (रेघा उठवणारा पातळ गडद रंग) फिरवणे आणि पुसणे यातला बराच भाग गळाला आणि पट्ट्यांच्या मास्किंगखाली रंग झिरपायला वाटाही उरल्या नाहीत.

रंगांची निवड मी छटेपेक्षा वाळण्याच्या स्वभावावरून केली. इनॅमल ब्रशखाली फार सुंदर पसरतो, पण त्यावर टेप लावायला एक दिवस थांबणे हे किमान आहे. पाण्याचा अ‍ॅक्रिलिक बोटाला लवकर कोरडा लागतो आणि तिथेच फसवतो, कारण वर साय धरलेली असली तरी आतला थर कच्चा असतो आणि टेप उचलताना त्याचे पापुद्रे निघतात. लॅकरचा थिनर वेगाने उडतो, रंग प्लास्टिकला किंचित खाऊन घट्ट धरतो आणि पातळ थर असतील तर तासाभराने टेप चालते. त्याची वाफ घातक असते, त्यामुळे मास्क आणि उघडी खिडकी यांत मुदतीच्या नावाखाली काटकसर करू नये. रंग आतून वाळला की नाही हे ओळखायला बोटापेक्षा नाक भरवशाचे: मॉडेल नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास येत असेल तर टेप लावायची नाही. वाळवणे लवकर व्हावे म्हणून हेअर ड्रायर वापरणारे आहेत, पण पॉलिस्टायरीन शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि पंखाची मागची पातळ कड त्याच्याही आधी मुरडते. चाळीसेक अंशांची स्थिर ऊब आणि वाहती हवा एवढे पुरते. धूळ बसू नये म्हणून वरून खोके पालथे घालायचे असेल तर त्याला खालून हवेची वाट ठेवावी, नाहीतर उडालेला थिनर त्याच खोक्यात कोंडून राहतो.

पट्ट्यांना मात्र मी मुद्दाम सगळ्यात मोठा रकाना दिला होता. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर उतरताना दोस्त राष्ट्रांच्याच जहाजांनी दोस्त राष्ट्रांचीच वाहतूक विमाने पाडली होती, आणि नॉर्मंडीच्या आकाशात त्याहून कितीतरी जास्त विमाने येणार होती. म्हणून खालून एका दृष्टिक्षेपात ओळखू येईल अशी खूण ठरली: पंखांवर आणि धडाच्या मागच्या भागावर तीन पांढरे आणि दोन काळे असे पाच पट्टे. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंच. शत्रूने नक्कल करू नये म्हणून हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवला गेला. वाहतूक विमानांच्या तुकड्यांना तो ३ जूनला आणि लढाऊ विमानांच्या तुकड्यांना ४ जूनला मिळाला. त्यानंतर तळातळांवर मेकॅनिक, शस्त्रागारातले लोक, मिळेल तो माणूस मिळेल तो ब्रश घेऊन विमानांवर चढला. मास्किंग फार थोड्यांनी केले. त्या दिवसांच्या छायाचित्रांत वाकड्या कडा, ओघळ आणि पांढऱ्यातून डोकावणारा खालचा रंग स्पष्ट दिसतो.

यावरून अनेकजण असा निष्कर्ष काढतात की मॉडेलवरचे पट्टेही हातानेच फटाफट ओढावेत. तेवढाच वेळ वाचतो आणि वर ते इतिहासाला धरून होते. हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. १८ इंचांचा पट्टा १/७२ मध्ये ६.३५ मिलिमीटरचा होतो. मेकॅनिकचा हात जिथे दोन बोटे, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर, हलला तिथे मॉडेलवर ती कड ०.४ मिलिमीटर हलायला हवी. मॉडेलकाराचा घाईतला हात सहज एक मिलिमीटर चुकतो, आणि एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंटिमीटर, एवढे वाकडे एका-दोघांनी केलेही असेल, पण प्रत्येक कड तशी असलेले विमान पाहिले की परीक्षकाला मेकॅनिकची घाई दिसत नाही, मॉडेलकाराची दिसते. ब्रशच्या फराट्यांचेही तेच. आपल्या बारीक ब्रशच्या एका केसाची रेघ त्या प्रमाणात बोटभर जाडीचा ओघळ ठरते. तेव्हा त्या रात्रीची धांदल दाखवायची असेल तर आधी पट्टे सरळ काढावे लागतात आणि मग त्यांच्या कडा अतिशय सावकाश, भिंगाखाली, मोजून बिघडवाव्या लागतात.

क्रम मी खऱ्या विमानाच्या उलट ठेवला. तिथे ऑलिव्ह ड्रॅबवर पट्टे चढले. इथे पांढरा आधी मारला. पांढरा रंग झाकण्यात कमकुवत असतो आणि गडद रंगावर त्याचे इतके थर लागतात की शेवटी पट्ट्याला उंची येते. त्यामुळे पाच पट्ट्यांच्या ३१.७५ मिलिमीटर रुंदीत पांढरा प्रायमर, वर किंचित राखाडी मिसळलेला पांढरा, अगदी पातळ थरांत. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा या आकाराच्या विमानावर खेळण्यासारखे दिसतात, म्हणून काळ्यातही गडद राखाडी होता. मास्किंग टेप काचेवर पसरून, पोलादी पट्टी आणि नवे पाते घेऊन, ६.३५ मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या. तीन पांढऱ्यांवर टेप, मध्ये काळा, मग सगळा पट्टा झाकून खालून राखाडी आणि वरून ऑलिव्ह ड्रॅब. टेपच्या कडेवर आधी पांढऱ्याचाच एक हलका फवारा मारला की जे झिरपायचे ते पांढरेच झिरपते आणि काळ्याला वाट राहत नाही. किटमध्ये पट्ट्यांचे डिकल्सही असतात आणि पंखावर ते कदाचित चालतीलही, पण धड शेपटीकडे निमुळते होत जाते, त्यामुळे सरळ कापलेला डिकल त्याभोवती गुंडाळला की पोटाखाली दोन टोके जुळत नाहीत आणि मग जुळवाजुळवीत रंगवण्याइतकाच वेळ जातो. वेळ खरोखर वाचवायचा असता तर विमान ऑगस्टमधले दाखवता आले असते, कारण उतरणीनंतर महिनाभराने विमानांच्या वरच्या बाजूचे पट्टे काढून टाकायला सांगितले गेले होते. पण ६ जूनच्या टेबलावर ऑगस्टमधले विमान ठेवणे मला प्रशस्त वाटेना.

डिकल्सबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. ग्लॉसचा थर, कोमट पाणी, खाली मायक्रो सेट, वर मायक्रो सोल (डिकल मऊ करून बसवणारी द्रावणे), आणि सुरकुत्या पडल्या तरी बोट न लावण्याचा संयम. वाळताना त्या आपोआप ताणल्या जातात. ग्लॉस चुकवून डिकल थेट मॅट रंगावर लावला तर त्याखाली हवा अडकून पारा चमकल्यासारखे दिसते, आणि ते निस्तरायला ग्लॉसच्या एका तासापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. नाकावरची पांढरी कड मात्र मी रंगवली. दुरून मस्टँग जर्मन बीएफ १०९ या लढाऊ विमानासारखे दिसे, म्हणून गडद रंगाच्या मस्टँगांच्या नाकावर, पंखांवर आणि शेपटीवर ओळखीचे पांढरे पट्टे आधीपासूनच होते.

शेवटच्या संध्याकाळी हातात सुपरग्लू असतो आणि समोर कॅनपी असते, तेव्हा मोह आवरावा. सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते आणि बंद कॉकपिटच्या आतून ती पुसता येत नाही. विंडस्क्रीन आणि कॅनपी मी पांढऱ्या फेव्हिकॉलने बसवली. तो पारदर्शक वाळतो, जास्तीचा ओल्या ब्रशने निघतो आणि कॅनपीला भार पेलायचा नसल्यामुळे त्याची ताकद पुरते. चाकांचे पाय त्याच्या आदल्या दिवशीच सिमेंटने जोडून, विमान पाठीवर टेकवून रात्रभर ठेवले होते, कारण मागून आणि पुढून कोन जुळला तरी सांधा ओला असताना विमान उभे केले की पाय फाकतात. एक्झॉस्टमागची काजळी पेस्टलच्या भुकटीने मॅट थर कडक झाल्यावर दिली. पंखा चिकटवलेला नाही. तो नुसता दांड्यावर बसतो, प्रवासात सुटा डबीत ठेवला आणि टेबलावर विमान मांडल्यावर बसवला.

पंखांखालच्या इंधनटाक्या मात्र यादीतून कापल्या. प्रत्येक टाकी दोन अर्ध्यांची, म्हणजे चारही बाजूंनी दिसणारे आणखी दोन सांधे घासायचे, आणि लढाईच्या तोंडावर वैमानिक त्या टाकूनच देत असल्यामुळे टाकी अडकवायचे नुसते पायलॉन असलेले मस्टँग चुकीचे ठरत नाही. ते अर्धे अजून स्प्रूवर आहेत. पुढच्या खेपेला तेव्हा इंग्लंडमध्ये बनणाऱ्या १०८ गॅलनच्या, दाबलेल्या कागदाच्या टाक्या करून पाहायच्या आहेत, त्यांचा सांधा आठवडाभर तसाच आकसू देऊन.